सरसाचा चटका

सोमाजीने करंगळी सरसाच्या डब्यात बुडवली, पेरभर आत धरली, बाहेर काढून अंगठ्यावर चोळली आणि मान हलवली.

"थंडच हाय अजून," तो म्हणाला. "ह्या शेगडीत दम नाई राह्यला."

गोकुळा समोर सतरंजीवर फर्म्यांच्या घड्या घालत बसली होती. छापून आलेला मोठा कागद मधोमध दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, पुन्हा एकदा, आणि हाडाच्या पट्टीने घडी दाबून टाकायची. हात चालत आणि ओठातल्या ओठात गाणं चाले. गाणी सगळी रोवण्याची, भात लावतानाची. लग्नाआधी ती बांधीतल्या चिखलात उभी राहून म्हणायची. पुढे चिखलाच्या जागी कागद आला, गाणी तीच राहिली.

*उपटलं पऱ्हं बाई, मूळ झालं वो मोकळं*
*दुसऱ्याच्या बांधीत हिर्वं होते ते सगळं*

तिने गाणं थांबवलं. "अवो, वाफ निघून राह्यली त्यातून. थंड कुठी हाय?"

"मह्या बोटापेक्षा तुले जास्त समजते काय?"

तिने पुढचा कागद ओढला. ब्रह्मपुरीत सोमाजीच्या बोटाला कोणी उलट बोललेलं नव्हतं. बापूरावांच्या प्रेसमागची ही बाइंडिंगची खोली त्या बोटावरच चालत आली होती. दुकानोदुकानी फेविकॉल आला तरी जाड पुस्तकाच्या पाठीला सोमाजी सरसच लावायचा. सरसाच्या वड्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी डब्यात टाकायच्या, आणि तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात उभा करायचा. थेट आचेवर कधीच नाही. सरस आचेवर जळला की त्याचा चिवटपणा जातो. मग तो धरतो, पण वाळला की काचेसारखा तडकतो. ही विद्या त्याला नथ्थू उस्तादाने दिली होती. नथ्थूकडे ना घड्याळ होतं ना थर्मामीटर. तो म्हणायचा, करंगळी घाल. बाकीची बोटं सुईची, दोऱ्याची, पुठ्ठ्याची. ती चिकट करायची नाहीत. करंगळीला दुसरं काम नाही, तिला सरसाच्या चाकरीला ठेव. चटका बसला, हात आपसूक मागे आला, की डबा उतरव.

सोमाजी ढिवराच्या घरचा. वैनगंगेच्या काठी बाप जाळं विणायचा, तेव्हा शेजारी बसून पोरगा गाठी मारायचा. ते हात घेऊन तो उस्तादाकडे आला आणि फर्मे शिवायला लागला. जाळ्याची गाठ त्याने पुस्तकात आणली. उस्ताद हसला होता. म्हणाला होता, "मासोळी नाई सुटत का गा तुह्या हातून, मंग पान कसं सुटन?" आणि खरंच, सोमाजीने शिवलेल्या पुस्तकाचं पान कधी सुटलं नव्हतं.

ते वैशाखाचे दिवस होते. कॉलेजच्या लायब्ररीतली जुनी पुस्तकं दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यात नव्या पाठी लावायला आली होती. भिंतीपर्यंत चळती लागल्या होत्या. करंगळी पुन्हा थंड परतली तेव्हा सोमाजीचा धीर सुटला. त्याने पातेलं बाजूला सारलं आणि डबा सरळ आचेवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

खोलीत जळक्या शिंगासारखा वास पसरला. गोकुळाने पदर नाकाला लावला. सोमाजी बोट बुडवत राहिला, वाट पाहत राहिला. शेवटी कंटाळून त्याने ब्रश उचलला. पुस्तकं शिकंज्यात आवळली, पाठींवर सरस चढला, कापड बसलं. वरून पाहिलं तर दरवर्षीसारखंच देखणं काम.

त्या रात्री भाकरी वाढताना गोकुळाला त्याच्या करंगळीवर टरारलेला फोड दिसला. कसा झाला, विचारलं. कागदाने कापलं असेल, तो म्हणाला. कागदाने कापल्यावर चीर पडते, फोड येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण फोड दुखत नव्हता, आणि जे दुखत नाही त्याच्याबद्दल नवराबायको किती बोलणार?

सुई अलीकडे हातातून निसटायची. शर्टाची गुंडी लावायला वेळ लागायचा. दंडावर एक फिका डाग होता, त्याला तो शिबं म्हणायचा. मागे सरकारी दवाखान्याची आशाताई उर्वशी घरोघर अंग तपासत आली होती, तेव्हा सोमाजी अंगात सदरा घालून दारातच उभा राहिला. काही नाही बाई, म्हणाला, कागदाचं काम करणाऱ्याला काय होते? उर्वशीने दारावर खडूची खूण केली आणि ती पुढल्या घरी गेली.

आषाढात कॉलेज उघडलं आणि पुस्तकं परत आली.

बापूरावांनी एक पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मधोमध उघडलं. कड्कन आवाज आला. पाठ उभी फाटली, सरसाचे पिवळे तुकडे टेबलावर सांडले आणि पुस्तक दोन भाग होऊन पडलं. दुसरं उघडलं, तेही तसंच. दोरा धरून होता, गाठी धरून होत्या, पण पाठच उरली नव्हती तर त्यांनी तरी कोणाला धरायचं?

"काय गा सोमाजी," बापूराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त अवघड गेलं. "इतक्या वर्षांत असं नाई झालं."

"मालच खराब, भाऊ. तो नागपूरवाला आता वड्यांत काय मिसळते कोणाले मालूम. गरमच नाई होत सरस. तुमीच पाहा ना."

त्याने तिथल्या तिथे डबा पाण्यात ठेवला, खाली आच लावली. प्रेसमधले दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले. गोकुळाही घडी अर्धी सोडून आली. पाणी उकळलं, डबा हलायला लागला. सोमाजीने करंगळी सरसात घातली आणि तशीच धरून बापूरावांकडे पाहिलं.

"पाहा. कोमट हाय. घाला बोट."

बापूरावांनी बोट घातलं आणि "अगं आई गं" म्हणत हात असा मागे ओढला की कोपर कपाटावर आपटलं. बोट तोंडात धरून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत उभे राहिले.

सोमाजीची करंगळी डब्यातच होती.

कोणी हसलं नाही. दारातला एक जण मागे सरकला, मग दुसरा. सोमाजी आधी बापूरावांकडे बघत होता, मग डब्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे. जसं काही तो हात दुसऱ्या कोणाचा होता आणि त्याच्या मनगटाला चुकून जोडला गेला होता. गोकुळाने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि बोट बाहेर काढलं. लाल झालेल्या कातडीवर सरसाचा लपका होता. तो पुसताना तिचाच हात पोळला आणि तिने दात आवळले. तो मात्र शांत उभा होता.

त्याच सांजेला गोकुळाने बोलावलं म्हणून उर्वशी घरी आली. या वेळी सोमाजीने सदरा काढला. तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक अंगावर फिरवत विचारत गेली, कुठे लागलं ते बोटाने दाखवा काका. गालावर त्याने दाखवलं, छातीवर दाखवलं. दंडावरच्या डागाशी कापूस आला तेव्हा तो वाट पाहत राहिला. कोपरापासून करंगळीपर्यंत कापूस गेला आणि आला.

"लाव ना बाई," तो डोळे मिटूनच म्हणाला. "थांबली काऊन?"

गोकुळा चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने तोंड वळवलं नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि चांगला होता. त्याने कोपरामागची सुजून दोरीसारखी झालेली नस चाचपून पाहिली, गोळ्यांची पाकिटं दिली, वर्षभर खंड पाडायचा नाही म्हणाला. कुष्ठरोग आता पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, घाबरण्यासारखं काही नाही, असं त्याने गोकुळालाही समजावून सांगितलं. सोमाजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"चटका कधीपासून बसन, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. लवकर आला असता तर नस वाचली असती, तो म्हणाला. आता रोग जाईल, पण गेलेली नस परत येणार नाही. गरम भांडं फडक्याने धरायचं, सुईचं काम टाळायचं, रोज सकाळी हात उजेडात धरून जखम झाली का ते डोळ्यांनी बघायचं. जे कातडीला कळत नाही ते आता डोळ्यांना बघावं लागेल.

बाहेर पडताना सोमाजी म्हणाला, "डोयाले कसं समजन सरस पोळला का नाई?" गोकुळाने गोळ्यांची पाकिटं पदरात बांधली. बसस्टँडवर वडशाची जीप लागली होती, ड्रायव्हर सवाऱ्यांना हाका मारत होता, आणि ती दोघं त्या गलक्यातून चालत घरी आली.

डिंपल, त्यांची एकुलती एक मुलगी, माजरीला दिलेली. जावई कोळशाच्या खाणीत. गोकुळाने तिला फोन करून सांगितलं. डिंपल खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, औषध वेळेवर दे आई, बाबाची आबाळ नको होऊ देऊ. आणि थोडं थांबून हळूच म्हणाली, "पण बाबाले इतक्यात इकडे नको आणू. सासू लय बोलते वो." गोकुळाने हे नवऱ्याला सांगितलं नाही. न सांगताही त्याला ते कळलं, कारण डिंपलचा फोन आला की तो स्वतःहून उठून अंगणात जायला लागला.

बापूराव वाईट माणूस नव्हते. सोमाजी कामावर गेला तेव्हा त्यांनी त्याला खुर्ची दिली, चौकशी केली, सरकारी गोळ्या चांगल्या असतात म्हणाले. चहा आला. सगळ्यांना काचेच्या ग्लासात, सोमाजीला कागदी कपात. सोमाजीने तो कप डाव्या हाताने उचलला आणि प्यायला. मग बापूरावांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की, नागपुरात गरम गोंदाचं मशीन पाहून ठेवलं आहे, पुस्तकं एका बाजूने घालायची आणि तयार होऊन दुसऱ्या बाजूने काढायची, शिवण नाही, सरस नाही. कॉलेजवालेही पुढल्या वर्षापासून तेच मागतात. काही दिवस घरीच राहा. गोकुळालेही घरीच राहू द्या. गिऱ्हाईक विचारते, समजून घ्या.

"समजलं, भाऊ," सोमाजी म्हणाला. उठताना मात्र तो थांबला. "ते तडकलेले पुस्तकं तेवढे घरी पाठवा. मह्या हातानं बिघडले, ते तसेच नका परत देऊ."

बापूरावांनी ऑटो करून पुस्तकं पाठवली. सोबत शिकंजा, हाडाची पट्टी, सुया, दोरा, उरलेल्या वड्या. ते सामान त्यांनी परत मागितलं नाही आणि सोमाजीला त्यावरूनच काय ते समजलं.

रोवण्याचे दिवस होते. मोहल्ल्यातल्या बाया सकाळीच बांधीवर निघून जायच्या. पूर्वी दारातून जाताना गोकुळाला हाक मारायच्या. आता दारासमोर आल्या की त्यांचं बोलणं मंदावायचं आणि पुढल्या वळणावर पुन्हा सुरू व्हायचं.

पडवीत गोकुळाने सतरंजी अंथरली. सोमाजीने शिवायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली, चिमटीत जोर नाही. सुई फर्म्यात जायची आणि बाहेर यायच्या आधी निसटायची. एकदा ती तळहातात शिरली, तेव्हा पानावर लाल ठिपका उमटला म्हणून त्याला कळलं. ते पान त्याने बराच वेळ पाहिलं. मग सुई गोकुळाच्या पुढ्यात ठेवली.

तो सांगत गेला, ती करत गेली. जुना जळका सरस खरवडून काढायचा. सुटलेला दोरा पुन्हा ओवायचा. शेवटाला जाळ्याची गाठ: एक फेरा अंगठ्यावरून, एक खालून, ओढायची नाही, बसवायची. तिने हजारदा शेजारी बसून पाहिलेली गाठ तिच्या हातून पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा बसली.

"बापानं पोरीले शिकवावं तसं शिकवून राह्यले तुमी मले," ती म्हणाली.

"बाप मासोळ्या तरी खाऊ घाले," तो म्हणाला. "मी काय देऊन राह्यलो?"

ती गाण्याची एक ओळ म्हणायला लागली, पण अर्ध्यावर सोडून दिली. शिकंज्यात पहिलं पुस्तक आवळलं गेलं. चुलीवर पातेल्यात पाणी होतं, पाण्यात डबा. सोमाजीचा हात सवयीने डब्याकडे गेला आणि काठाशी येऊन थांबला. त्याने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला, वर दुसरा हात ठेवला.

"तू घाल," तो म्हणाला. "करंगळी."

गोकुळाने करंगळी बुडवली. क्षणभर काही झालं नाही. मग तिचा हात झटक्याने मागे आला, बांगड्या वाजल्या, तोंडातून 'स्स' निघालं. सोमाजी तो हात पाहत होता. आपसूक मागे येणारा हात.

"पोयलं?"

"हो ना."

"मंग उतरव."

तिने फडक्याने डबा उतरवला आणि पाठीवर ब्रश फिरवला. सरस मधासारखा पसरला, दोऱ्यांच्या मधे शिरला, चमकत राहिला. आता हे पुस्तक तडकणार नव्हतं. ही पुस्तकं संपली की बांधायला दुसरी येणार नव्हती.

त्याने तिचा हात ओढून घेतला, लाल झालेली करंगळी आपल्या वळलेल्या बोटांवर ठेवली आणि हळू फुंकर घातली.

"निवलं का?"

"निवलं," ती म्हणाली.

तिचं बोट त्याच्या बोटांवर होतं. फुंकर दोघांच्याही बोटांवरून गेली होती.