डार्लाबाई दारावर काय म्हणाल्या

मी फळी. कुंपणाची, उभी, देवदाराची. नेब्रास्कातल्या या लहानशा गावात लाइलरावांनी मला स्वतःच्या हातांनी त्यांच्या मागच्या अंगणात ठोकलं. पुढे ऊन खाऊन खाऊन माझ्या अंगातली एक गाठ वाळली, गळून पडली आणि तिथे भोक पडलं. तेव्हापासून मला दोन्ही घरांतलं दिसतं. भोचक म्हणा हवं तर. दोन घरांच्या मधे जन्म काढायचा आणि डोळे मिटून घ्यायचे, हे कुणाला जमलंय?

अलीकडे लाइलराव आणि त्यांची बायको डार्लाबाई. पलीकडे एक आजी, ग्वाटेमालाहून मुलाकडे राहायला आलेली. मुलगा एफ्राइन, मांसाच्या कारखान्यात कामाला. त्यांचं घर पत्र्याचं, ट्रकवर लादून आणलेलं. खाली तळघर नाही. आमच्याकडे वादळाच्या दिवसांत तळघर नसलं की जीव टांगणीला.

आजीला स्पॅनिश येतं, इंग्रजीचा गंध नाही. डार्लाबाईंचं नेमकं उलट. गेल्या वर्षी आजीच्या भोपळ्याचा वेल माझ्या डोक्यावरून अलीकडे उतरला आणि डार्लाबाईंचे गुलाब गुदमरले. इकडच्या माणसांची एक खोड मी पाहिलीय. समोरच्याला इंग्रजी कळत नाही असं दिसलं की ते तेच इंग्रजी सावकाश आणि मोठ्याने बोलतात. समोरचा जणू ठार बहिरा!

"वेल! तुमचा! वेल! काढा!" डार्लाबाई माझ्यावर हात आपटत ओरडल्या. आजीला एवढंच कळलं की ही बाई तापट आहे. ती घरात गेली आणि कडी लावून बसली.

"चार शब्द शिकून घे की," लाइलराव म्हणाले.

"मी? शाळेत दोन वर्षं होतं मला स्पॅनिश. पास झाले, विसरले. आणि मी का शिकू? अख्खं जग आपली भाषा शिकतं."

"अख्खं जग शिकत असेल. ही भोपळेवाली नाही ना शिकलेली."

"मग तूच घे तिची शिकवणी!"

विषय तिथेच संपला. मला मात्र वाटायचं, अख्खं जग म्हणजे नक्की कोण? पलीकडचं घर त्यात धरत नाहीत का?

आमच्याकडे महिन्यातून एकदा वादळाचा भोंगा वाजवून बघतात. कुणी मानसुद्धा वर करत नाही. एफ्राइनने आजीला सांगून ठेवलं होतं, "आई, भोंगा वाजला तर घाबरू नकोस, नुसता तपासतात." तेवढंच सांगितलं. खऱ्या वादळाचं सांगायचं राहूनच गेलं.

मे महिन्यातली दुपार होती. वारा एकाएकी पडला. आभाळ हिरवट झालं, आणि भोंगा सुरू झाला. डार्लाबाईंनी गुडघेदुख्या लाइलरावांना तळघरात उतरवलं आणि परत येऊन माझ्या भोकाला डोळा लावला.

आजी निवांत बसून रोपांना आळी करत होती.

"वादळ! अहो, वादळ येतंय! इकडे या, तळघरात!" इंग्रजीतच. मग आणखी मोठ्याने. मग माझ्यावर मुठी आपटत.

आजी पुटपुटली, "झालं, आली बोंबलायला. अजून वेल उगवलासुद्धा नाही गं बये!" खुरपं टाकून ती उठली, पत्र्याच्या घरात शिरली आणि कडी लावली.

डार्लाबाईंनी फोन काढला. फोन म्हणे सगळ्या भाषा बोलतो. पण रेंजच गेलेली.

"डार्ला! खाली ये! वेडी झालीस का?" लाइलराव तळघराच्या दारातून ओरडले.

"ती पत्र्यात जाऊन बसलीय, लाइल!"

फाटक लांब, पुढच्या बाजूला. डार्लाबाईंनी माझ्या शेजारच्या ढिल्या फळीला लाथ घातली आणि त्या फटीतून पलीकडे घुसल्या. दार बडवलं. "उघडा! उघडा ना!"

"जा बाई जा! मुलगा आला की त्याच्याशी भांड!" आजी आतून.

धान्याच्या कोठारामागे वावटळीचा काळा सोट जमिनीला टेकला होता. मी पाहिला. डार्लाबाईंनीही पाहिला. त्यांनी दाराला कपाळ टेकलं. मग शाळकरी पोरीसारख्या सुरात त्यांच्या तोंडून स्पॅनिश आलं, वर्गात सगळ्यांनी मिळून घोकलेलं:

"माझं नाव डार्ला आहे. तुझं नाव काय?"

कडी निघाली नाही.

"माझं नाव डार्ला आहे! तुझं नाव काय?" आवाज रडवेला झाला होता.

कडी निघाली. आजी दारात, तोंडाचा आ वासून.

"बेनिग्ना," ती म्हणाली.

चार वर्षांपासूनची शेजारीण. नाव मलासुद्धा तेव्हाच कळलं.

"बेनिग्ना!" डार्लाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि आभाळाकडे बोट दाखवलं. या वेळी तिने बोटाच्या दिशेने पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोघी फटीतून अलीकडे आल्या, धावल्या. तळघराचं दार आपटल्याचं मी ऐकलं. मग माझे खिळे उपटले गेले.

एफ्राइन धापा टाकत आला तेव्हा त्याचं घर उलटून चेपलं होतं. त्या पत्र्यांपुढे तो नुसता उभा राहिला. हाक मारायचंही त्याला धैर्य होईना. तेवढ्यात तळघराचं दार उघडलं.

त्याने आईला कवटाळलं, मग तो डार्लाबाईंकडे वळला. "मॅडम, तुमचे आभार कसे..."

"आभार राहू दे. तुमच्यात 'पळ' कसं म्हणतात, ते आधी सांग."

त्याने सांगितलं. डार्लाबाईंनी म्हटलं. बेनिग्ना रडता रडता हसली, मान हलवली आणि त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

आता पलीकडे नवं घर येईपर्यंत मायलेक डार्लाबाईंच्या मागच्या खोलीत राहतात. मी रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात पडलेय, कचऱ्याच्या ट्रकची वाट बघत. लाइलरावांनी नव्या फळ्या आणल्यात. लाइलराव, घाई करू नका हो. बेनिग्ना शब्द सांगते तेव्हा डार्लाबाई तिच्या ओठांकडे बघतात. शिकणाऱ्याला ते ओठ दिसले पाहिजेत, आणि कुंपणाआडून ते दिसत नाहीत.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनो, भिंतीपलीकडच्या बाईचं नाव ठाऊक आहे का तुम्हाला? नसेल तर विचारा. तिच्या भाषेत विचारा, चुकत का होईना. आभाळ निळं आहे तोवरच विचारा.