रिकाम्या ट्रकचं वजन

सासऱ्यांनी तीस वर्षं चालवलेला ट्रक, त्यांचे डोळे अधू झाल्यावर सुनेकडे आला. अवजड वाहनाचं लायसन्स घरात तिच्याकडेच होतं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि चढावर त्याचा जीव घाबरा व्हायचा. तिने मालवाहतुकीची कंपनी काढली. नोंदणी, विमा, फिटनेस, सगळं झालं. परमिटसाठी राहिला रिकाम्या गाडीच्या वजनाचा दाखला.

वजनकाट्यावर ट्रक उभा करून ती खाली उतरली. काटेवाल्याने आकडा नोंदवून शिक्का मारला. परत चढली, तर सीटमागच्या फळीवर सासरे चादर पांघरून पडलेले.

"बाबा! तुम्ही कधी चढलात?"

"घरूनच."

"अहो, रिकाम्या गाडीचं वजन होतं हे!"

"मग? मी काय माल आहे?"

परमिट ऑफिसात तिने खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे यात माणूस धरलाय?" कारकुनाने विचारलं.

"सासरे. ऐंशी किलो."

"आकडा काट्यावरून थेट आमच्याकडे येतो. दुरुस्ती हवी तर नवा अर्ज, सहा महिने."

"आणि नाही केली तर?"

"तपासणीला गाडीचं वजन कागदाप्रमाणे भरलं म्हणजे झालं." त्याने परमिटवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सासरे डबा घेऊन गाडीत हजर. "कायदाच आहे," त्यांनी मुलाला सांगितलं. पाट्या दिसत नव्हत्या, पण रस्ता तोंडपाठ होता. "आता पूल. गिअर उतरव." पूल यायचाच. पुढे पुढे तिला आधीच कळू लागलं, तरी ती त्यांच्या सांगण्याची वाट बघायची.

वर्षाने तपासणी झाली.

"दहा किलो कमी भरतेय," अधिकारी म्हणाला. "काय काढलंत?"

"काहीच नाही."

तिने केबिनकडे पाहिलं. सासऱ्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. डबा दोन महिने अर्धा परत येत होता. रोज शेजारी बसूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

अधिकाऱ्याने शेरा लिहिला : वापरामुळे झीज. गाडी पास.

"इकडे कुठे वळलीस?" सासऱ्यांनी विचारलं. "तपासणी झाली ना?"

"गाडीची झाली."

दवाखान्याच्या फाटकातून ट्रक जाईना. रस्त्याकडेला लावून ती त्यांचा हात धरून आत गेली. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, गोळ्या दिल्या, पथ्यं सांगितली. सासऱ्यांनी एकच विचारलं, "गाडीत बसायला चालेल ना?"

"चालेल की," डॉक्टर म्हणाले.

"लिहून द्या," सासरे म्हणाले.