चुकीच्या कपाटातलं पुस्तक

“मावशी, आजोबांनी विचारलंय, पुस्तक जागेवर आहे ना?”

शनिवारी दुपारी काउंटरशी येऊन दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं हे विचारलं, तेव्हा वाचनालयातली मावशी पुस्तकांवरून फडकं फिरवत होती. कोणते आजोबा, हे विचारायची गरजच नव्हती. टर्नरकाका अठरा दिवस आले नव्हते आणि तिनं ते अठराही दिवस मोजले होते.

“आहे म्हणावं. कसे आहेत?”

“उद्या घरी सोडतायत. गुरुवारी परत भरती. छातीचं ऑपरेशन आहे. मधल्या तीन दिवसांत पुस्तक संपवायचं म्हणतात.”

वाचनालयात ती हंगामी परिचर होती. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, धूळ झटकायची, सुटलेल्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. पगार असा, की सांगताना आवाज आपोआप खाली जायचा. सासूबाईंना तर या नोकरीचं नवलच वाटे. “वस्तू जागच्या जागी ठेवायला पगार देतात? मग मला चाळीस वर्षांचा मिळायला हवा!” त्या म्हणत, आणि तिचा डबा भरून देत.

टर्नरकाकांनी उभा जन्म कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून काढलेला. आता ते मुलीकडे राहत. सभासद व्हायला घरातल्या कुणाची तरी जामीन म्हणून सही लागे. “जावयाकडे सही मागायला गेलं की दहा प्रश्न,” म्हणून ते कधी सभासद झालेच नाहीत. रोज येऊन इथंच वाचत. दीपगृहांवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी धरलं होतं. काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. डोळे अधू, त्यामुळे दिवसाला चार पानं, ओठ हलवत. एकदा कुणीतरी ते पुस्तक महिनाभर घरी नेलं आणि काका महिनाभर तोंड पाडून पेपर चाळत बसले. तेव्हापासून जाताना ते पुस्तक सरकारी अहवालांच्या कपाटात मागच्या बाजूला सारून ठेवत. त्या कपाटाकडे वाळवीसुद्धा फिरकत नसे. तिच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. चुकीच्या जागी पुस्तक दिसलं की तिचे हात शिवशिवत, पण या एका पुस्तकाकडे तिनं सहा महिने काणाडोळा केला.

आता मात्र पंचाईत होती. सोमवारपासून पुस्तकांची पडताळणी सुरू होणार होती. सहा वर्षं दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नेमणुकीचा नवा कागद हातात देत. यंदा तिला कायम करायचा प्रस्ताव वर गेला होता. ग्रंथपाल मॅडमनी तिला बजावलं होतं, “तुझ्या कपाटांवर एक जरी शेरा आला, तरी माझ्या हातात काही राहणार नाही.”

सोमवारी ती तासभर आधी आली. अहवालांमागून पुस्तक काढलं आणि त्याच्या खऱ्या जागी लावलं. खुणेसाठी काका गोळ्यांचं रिकामं पाकीट वापरत, ते पाचशे एकाहत्तराव्या पानात तसंच राहू दिलं. काका आले की कानात सांगू, झालं.

पण दहाला तपासणीचे साहेब आले ते कुलपं आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊनच. “मोजलेलं कपाट बुधवारी दुपारपर्यंत उघडायचं नाही. देवघेव बंद. वाचकांना फक्त पेपरची खोली.”

अकराच्या सुमारास काका आले. स्वेटर अंगावर लोंबत होता. भिंतीचा आधार घेत ते कुणाच्या लक्षात येण्याआधीच अहवालांपर्यंत पोचले. हात आत घातला, चाचपला. मग तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

साहेब शेजारच्या कपाटाशी होते. विचार करायला तिला वेळ मिळालाच नाही असं नव्हे. तिला वरती गेलेला तो कागद आठवला, सासूबाई आठवल्या. आणि तिनं आपल्या अजून न मोजलेल्या कपाटातून पुस्तक काढून काकांच्या हातात दिलं.

“पेपरच्या खोलीत बसा. तीन दिवस तिथंच वाचा.”

“तुला कुणी बोलणार नाही ना, पोरी?”

“मला कोण बोलतंय!”

अर्ध्या तासानं साहेबांचं बोट तिच्या कपाटात थांबलं. “एकशे चौऱ्याऐंशीनंतर एकदम एकशे शहाऐंशी?”

“मधलं वाचकाकडे आहे, साहेब.”

“देवघेव बंद असताना? कुणाच्या परवानगीनं?”

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

“माझ्या,” ती म्हणाली.

हंगामी माणसाची परवानगी! साहेबांना हसू आलं, पण ते हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेपरच्या खोलीत एकदा डोकावून पाहिलं आणि मग परत येऊन शेरा लिहिलाच.

घरी सासूबाई देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या. तिचा चेहरा पाहून म्हणाल्या, “कुठं माशी शिंकली?”

तिनं सगळं सांगितलं. आता काय काय ऐकावं लागणार, याची तिनं वाटेतच तयारी केली होती. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

“किती पानं राहिलीत त्यांची?”

“एक्केचाळीस.”

“होतील का गं दोन दिवसांत? चष्मा तरी धड आहे का त्यांचा?”

तेव्हा मात्र तिला रडू आलं.

बुधवारी दुपारी साहेब कुलपं काढून निघून गेले. पाचला पाच कमी असताना काका पुस्तक घेऊन तिच्याकडे आले. ती घ्यायला पुढं झाली, तर त्यांनी दिलं नाही.

“जागा दाखव. मी ठेवतो.”

चष्मा वर-खाली करत त्यांनी आकडे वाचले. एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे शहाऐंशी यांच्या मधे पुस्तक सरकवलं. मग अंगठ्यानं हलकेच दाबत त्याची कड शेजारच्यांशी जुळवली. लेथवरचा हात होता तो.

“आता कुणी नेलं तरी चालेल,” ते म्हणाले.

“शेवटी काय झालं, काका?”

“शेवटी दिवे आपोआप लागायला लागले. रखवालदारांना घरी पाठवलं.” ते थोडं थांबले. “बोलले का गं तुला परवा?”

“छे. काहीच नाही.”

“बरं झालं. माझ्या जिवाला घोर होता.”

भिंतीला हात टेकत ते गेले. गोळ्यांचं पाकीट त्यांनी आठवणीनं खिशात घातलं होतं. ती फडकं घेऊन कपाटाशी आली. ओळ सरळ होती, सगळ्या कडा एका रेषेत. नीट करण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. तरी तिनं एकदा फडकं फिरवलं.