सुईचा वाटा

जनाबाईसारखा हात नाही, असं सक्करदऱ्याच्या मासे धरणाऱ्या ढिवरांत कोणीही सांगितलं असतं. इतरांच्या आधी तीच सांगायची, ही गोष्ट वेगळी. तीस वर्षं तिनं तळ्यावरची जाळी सांधली. बांबूची सुई, सुती दोरा, आणि जाळ्याचं घर मोजायला डाव्या हाताची दोन बोटं, एवढंच तिचं भांडवल. नवरा गेला तेव्हा पदरात दुसरं काही नव्हतंच. पण तळ्यावर जुनी रीत होती. मासोळीचे वाटे पडताना एक वाटा सुईचा, म्हणजे जाळं सांधणारीचा. त्या वाट्यावर तिनं पोराला, ईश्वरदासला वाढवलं, त्याचं लग्न केलं, बुधवारच्या बाजारात बसायला जागा धरली. त्या वाट्याला कोणी हात लावला असता तर तिनं त्याचा हात ठेवला नसता.

मग ढिवरांच्या सोसायटीनं नायलॉनचं जाळं आणलं. सड नाही, कूज नाही, सांधायची कटकट नाही, असं सोसायटीचा अध्यक्ष रुपराव सांगत फिरला. दोन वर्षांत तेही तळातल्या खुंटाला अडकून टराटरा फाटलं. पंचाहत्तरचा उन्हाळा होता, पाणी उतरलेलं, मोठी ओढ, म्हणजे सगळ्या तळ्यात जाळं ओढून वर्षाची मासोळी काढायचा दिवस, चार दिवसांवर आलेली. जाळं जनाबाईच्याच अंगणात येऊन पडलं. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. घ्या म्हणावं, आणा अजून नायलॉन.

जाळं मोठं, एका हातचं काम नव्हे. उजवं अंग तिनं सून गोपिकाकडे दिलं आणि डावं आपण घेतलं. गोपिका पवनीची, वैनगंगेकाठची. तिकडे नायलॉन आधीच आलं होतं. सासूची गाठ ती थोडा वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, हा धागा गुळगुळीत आहे. एका वेढ्याची गाठ घसरते. दोन वेढे घ्या लागते."

"तू जन्मली नव्हती तवापासून गाठी मारून राहिली मी," जनाबाई म्हणाली. "मले शिकवतं काय वं? तू आपल्या अंगाचं पाह्य."

गोपिकानं मान खाली घातली आणि आपल्या अंगाला दोन-दोन वेढे घेत गेली. जनाबाईला ते दिसत होतं. एवढ्याशा कामाला किती दोरा खाते ही पोरगी, म्हणून तिनं वर टोमणाही मारला.

ओढीच्या दिवशी सगळा ढिवरपुरा काठावर. जाळ्याचं पोट जड झालं, रोहू-कतल्यांच्या पाठी पाण्यावर उलटू लागल्या, आणि डावं अंग उसवलं. दोरा तुटला नाही. गाठीच सरकल्या, एकामागून एक, आणि बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. वर्षाची मासोळी डोळ्यांदेखत तळ्यात परत गेली.

रुपरावनं जाळं काठावर पसरवलं. उजवं अंग शाबूत, डाव्या अंगाच्या चिंध्या. "दोन हात दिसते हे," तो म्हणाला. "हे फाटकं अंग कोणाच्या हातचं व्हय? ज्याच्या हातचं असन त्यानं पुन्हा जाळ्याले शिवाचं नाही. वाटाबी बंद."

तीस वर्षं गेली, बाजारातली जागा गेली, आता रस्त्यावरची पोरंसोरंही हसणार, हे सगळं जनाबाईला एका दमात दिसलं. तोंड तिच्या आधी बोलून गेलं.

"सुनेच्या हातचं. शिकून राहिली होती. उजवं अंग माहं."

गोपिका टोपलं घेऊन तिथंच उभी होती. तिनं एकदा सासूकडे पाहिलं. चारचौघांसमोर सुनेनं सासूला खोटं पाडायचं नसतं, हे तिला माहेराहून शिकवूनच पाठवलं होतं. तिनं पदर पुढे ओढला.

"मंग ठरलं," रुपराव म्हणाला. "गोपिकानं सोसायटीच्या जाळ्याले हात लावाचा नाही. जनाबाई, सारं जाळं तूच बांध, या उजव्या अंगासारखं. सोमवारी पुन्हा ओढ आहे."

जाळं पुन्हा अंगणात आलं. दोन वेढे तिनंही घेऊन पाहिले, पण दुसरा वेढा कुठून फिरवायचा ते कळेना, गाठ सरकलीच. जनाबाईनं उजव्या अंगाची एक गाठ धरून उकलायचा प्रयत्न केला, निदान आतून कशी आहे ते कळेल म्हणून. नख तुटलं, गाठ हलली नाही. सुईनं टोकरली, दातांनी ओढली. घट्ट म्हणजे किती घट्ट! आणि तिला रागही आला, स्वतःचा नव्हे, त्या गाठीचा.

शनिवारी तिनं हार खाल्ली. गोपिका ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"गोपिका, एक गाठ दाखव वं मले. येकच. कोणी पाहून नाही राहिलं."

गोपिकानं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "मले मनाई आहे, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "तुमीच त करवली."

आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मिलमधल्या कामावरून ईश्वरदास यायला अजून अवकाश होता, आणि आला तरी त्याला काय सांगायचं? जनाबाई अंगणात येऊन जाळ्याजवळ बसली. डाव्या हाताची दोन बोटं घरात घातली, सुई उचलली, आणि तिला येत होती तीच, एका वेढ्याची गाठ मारली.