मापाची खुर्ची

ताईंनी पान्याला जोर दिला तसा खुर्चीच्या पायातला बोल्ट करकरत सुटला. पाय काढल्याशिवाय ती दारातून बाहेर निघणार नव्हती. मुलीची आई भिंतीला टेकून बघत होती. तिच्या हातात खुर्चीचे पट्टे होते, धुऊन, वाळवून, घडी घातलेले.

"धुवायची काही गरज नव्हती गं."

"औषधाचे डाग होते."

पुनर्वसन केंद्राच्या गाडीतून ताई आठवड्यातून एकदा या वस्त्यांवर यायच्या. ज्या मुलांना बसता-उठता येत नाही त्यांचे व्यायाम घ्यायचे, घरच्यांना त्यांना उचलायला, भरवायला शिकवायचं, हे त्यांचं काम. या घरी त्या चार वर्षं आल्या. खुर्ची केंद्राच्या सुताराने मुलीच्या मापाने बनवली होती. पहिल्यांदा तिच्यात बसवलं तेव्हा पोरीने मान ताठ धरून सगळ्यांकडे असं काही पाहिलं, की पंप दुरुस्त करणारा तिचा बाप हात जोडून म्हणाला, "काय हुकूम, सरकार?" तेव्हापासून घरात तिचं नाव सरकारच पडलं.

सरकार जाऊन दीड महिना झाला होता. ताप छातीत उतरला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. आज खुर्ची नेणार म्हटल्यावर बाप सकाळीच कामाला निघून गेला होता.

"कुणाला देणार?" आईने विचारलं.

"टेकडीपलीकडे तीन वर्षांचा मुलगा आहे. त्याची आई अगदीच पोरसवदा. त्याला उचलायलाही घाबरते."

"त्यांना सांगितलंय, कुणाची खुर्ची ते?"

ताईंनी बोल्ट डबीत टाकले. "वापरलेली आहे, एवढंच. मागे एका घरी खरं सांगितलं, तर आजीने दारातूनच परत पाठवली. लेकरू वर्षभर जमिनीवर पडून राहिलं."

 आईने आत जाऊन केस सारखे केले, चपला घातल्या.

"मी येते. डावा पट्टा आधी बांधावा लागतो, नाहीतर मूल घसरतं. तुम्हाला ते कधी नीट जमलं नाही."

हे खरं होतं. पण गाडी चालवताना ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिथे हिला रडू कोसळलं तर? तू गाडीतच थांब, असं सांगायचं त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोनदा नुसतेच गिअर बदलले.

त्या घरची सासू दाराशीच उभी होती. ताईंनी पाय पुन्हा जोडले, उंची कमी व्हावी म्हणून सगळ्यांत खालच्या भोकांत. सरकारची आई पुढे झाली. सुनेच्या मांडीवरून तिने मुलाला उचललं, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि अलगद खुर्चीत ठेवलं. मुलगा एका अंगाला कलला. तिने डावा पट्टा ओढला. मग उजवा. मुलाचं डोकं सावकाश वर आलं.

"तुमचंही मूल असंच आहे?" सुनेने विचारलं.

"मुलगी."

"केवढी?"

"सहा वर्षांची."

ताईंचा हात डबीच्या झाकणावर तसाच राहिला.

"म्हणजे ही तिचीच खुर्ची?" सासू म्हणाली. "तिला नको?"

आई मुलाच्या पायांखालची फळी सारखी करत होती.

"तिला आता लहान पडते."

सासूचा चेहरा निवळला. ती पाणी आणायला आत गेली. सून मात्र आणखी जवळ सरकली.

"चालते का हो ती आता?"

मुलाने खुर्चीची कड मुठीत आवळली होती. आईने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्यांत आपलं बोट दिलं.

"घरात तिचा पाय ठरत नाही," ती म्हणाली.

सून हसली. इतक्या महिन्यांत ताईंनी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हत्यारं ठेवायच्या निमित्ताने त्या बाहेर आल्या आणि गाडीचं मागचं दार धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. आतून सरकारच्या आईचा आवाज येत होता.

"हनुवटी थोडी खाली ठेव. हां, अशी. आणि चमच्याची घाई करायची नाही. ती सावकाश गिळते."