कानेलाच्या मानेवरचा फास

"कोंपाद्रे, तेवढी कानेला घोडी पकडून द्या. तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला दाद देत नाही ती," मुकादम गुमेर्सिंदो म्हणाला.

"कशाला?"

"जनावरांचा डॉक्टर आलाय. टोचायचंय."

माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून चर्चमध्ये उभा राहिला तो हा गुमेर्सिंदो. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे. माणूस एक वेळ सख्ख्या भावाशी खोटं बोलेल, कोंपाद्रेशी नाही. कानेला कुरणातच म्हातारी होऊन मरेल, हा शब्दही त्यानंच मला दिला होता.

मी खांद्यावरची रेआता काढली. कच्च्या चामड्याची विणलेली दोरी, टोकाला माझ्या बापानं बांधलेली गाठ, होंदा. ओल्या चामड्याची ही गाठ वाळली की दगड होते. तिच्या भोकातून दोरी सरसर धावते, फास आवळतो, सुटतो. गाठ मात्र हलत नाही. बाप म्हणायचा, "फास जनावर ओढून घेतं, आपण ओढायचा नाही. ते थांबलं की लगेच सैल सोडायचं. तेवढा भरवसा ठेवायचा."

कानेलाला मी असंच शिकवलं होतं. फास मानेवर पडला तशी ती उभी राहिली. मी तिला टोचायच्या अरुंद वाटेत नेलं, फास काढला, मान थोपटली. मागचं फाटक लागलं आणि पुढचं उघडलं. पुढे खाटिकखान्याचा ट्रक उभा होता!

"अरे, डॉक्टर कुठंय?"

"मालकाचा हुकूम आहे, कोंपाद्रे."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर पकडून दिली असती?"

"मेलो असतो तरी नाही."

"मग?"

मी कुंपण ओलांडेपर्यंत ट्रक निघाला. फळ्यांच्या फटीतून ती माझ्याकडेच बघत होती. शांतपणे. मी जवळ आहे म्हणून. तिला माझ्याच हातानं दिली मी, आणि माझ्याकडून हे करवून कुणी घेतलं, तर ह्या माझ्या कोंपाद्रेनं!

दुसऱ्या दिवशी वासरं डागायची होती.

"कोंपाद्रे, रेआता आणा!"

मी आणली. गुमेर्सिंदोनं टोक पाहिलं. होंदा मी रात्रीच सुरीनं कापून टाकला होता.

"अहो, वडलांच्या हातची गाठ ना ती?"

"होय, गुमेर्सिंदो."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला नावानं हाक मारली. त्यानं मान खाली घातली. उरलेली दोरी मी त्याच्या हातात दिली, बाह्या वर सारल्या आणि नुसत्या हातांनी वासरं धरायला कुंपणाच्या आत उतरलो.