माणशी वाटणी

दुपारी मशीनवाला नव्या मशीनसाठी खोली मोजायला येणार होता, आणि ती खोली ताईची होती. छापखान्याच्या त्या खोलीत अकरा बायका पुस्तकं हाताने शिवत. पलीकडे दादाची छपाईची दोन धुडं तीन माणसं चालवत. वडील गेल्यावर भावंडांनी धंदा असा सांभाळायला घेतला होता, आणि आता हिशेबनीस सांगत होता की बाइंडिंग यंदाही तोट्यात आहे.

"मला हौस आहे का बंद करायची?" दादा म्हणाला. "किती वर्षं पोसायचं मी?"

'पोसायचं' हा शब्द ताईला झोंबला. भाडं, वीज, राखणदार, हिशेबनीस हा सगळ्यांचा मिळून होणारा खर्च वडिलांनी माणशी वाटायचा ठरवला होता. तेव्हा सगळंच काम हाताने व्हायचं, डोकी मोजली की भागायचं. पुढे मशिनं आली, पण वडिलांचा नियम म्हणून कुणी त्याला बोट लावलं नाही. तिनेही नाही. चौदातले अकरा वाटे ती मुकाट्याने भरत आली होती.

"विजेचेही अकरा वाटे माझेच?" तिने विचारलं. "दादा, माझ्याकडे सुया आहेत."

"दिवे आहेत, पंखे आहेत."

"चल."

तिने त्याला जिन्याखालच्या मीटरपाशी नेलं आणि दोन्ही मशिनं थांबवायला सांगितली. एकदम शांत झालं. जितकी वीज जाईल तितका लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा इतका वेळ सारखा चमकत होता, तो थांबला. दोघं त्याच्याकडे बघत राहिले, तेव्हा कुठे तो एकदा लुकलुकला. मागच्या खोलीत पंखे फिरत होते, बायका शिवतच होत्या.

हिशेबनिसाने वीज मीटरवर दिसलेल्या वापराप्रमाणे आणि भाडं जागेप्रमाणे लावून पुन्हा बेरीज केली, त्यात दुपार झाली. मग उगाचच खाकरला.

"बाइंडिंग नफ्यात येतंय. थोड्या, पण नफ्यात. तोटा आता छपाईला दिसतो."

"आणि बाइंडिंग बंद केलं तर?" ताईने विचारलं.

"भाडं तेवढंच राहणार. राखणदारही. सगळं छपाईवर येईल."

दादा कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. त्याचे कान लाल झाले होते. हा क्षण किती गोड लागेल, असं तिला मीटरपाशी वाटलं होतं. पण त्याला असा बसलेला बघून तो तसा लागला नाही.

तेवढ्यात मशीनवाला टेप घेऊन दारात आला. "कुठली खोली मोजू?"

दादाने ताईकडे पाहिलं. सकाळी बंद करायचं बोलणं निघालं तेव्हा ती त्याच्याकडे असंच बघत होती.

"कुठलीच नाही," ताई म्हणाली. मग भावाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ऊठ, मशिनं चालू कर. छापून आलं नाही तर माझ्या बायकांनी शिवायचं काय?"